ईदच्या फोटोत अम्मी कुठे आहे?

घरातला जुना अल्बम काढा आणि एक साधा हिशेब करून बघा. ईदचे जेवढे फोटो त्यात आहेत, त्यातल्या कितींमध्ये अम्मी आहे? ईदगाहवरून परतलेले पुरुष दारात उभे असलेले दिसतील. नवे कपडे घातलेली मुले दिसतील, गळाभेटी दिसतील. बकरी ईदचा अल्बम असेल तर बकऱ्याचाही फोटो सापडेल. पण पहाटेपासून शिरखुर्म्याच्या पातेल्यापाशी उभी असलेली बाई बहुतेक फोटोंत नसते. असलीच तर दाराच्या चौकटीत अर्धी, ओढणी सावरताना किंवा हातानेच "नको, नको" म्हणताना.

मी शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते. सातवी-आठवीच्या मुलांना अधूनमधून एक काम देते. घरातला सर्वांत जुना फोटो बघायचा, घरच्यांना विचारायचे आणि त्यातल्या माणसांची नावे लिहून आणायची. मुले मन लावून लिहून आणतात. एका मुलाच्या वहीत यादी होती ती अशी: दादाजान, दादाजानचे मोठे भाऊ, रेल्वेतले चाचा, आणि एक बाई. चौकशी केली तर ती बाई मुलाच्या पणजोबांची सख्खी बहीण निघाली. घरात आता तिचे नाव कोणालाच आठवत नव्हते. तेव्हापासून मी अशा वह्या तपासते तेव्हा ही "एक बाई" शोधत असते, आणि ती निरनिराळ्या घरांतून पुन्हा पुन्हा सापडते.

रमजान ईद, बकरी ईद, दिवाळीची किंवा मे महिन्याची सुट्टी, या थोड्या दिवसांतच आपली कुटुंबे एका छपराखाली जमतात. आता प्रत्येकाच्या हातात मोबाइल आहे, त्यामुळे फोटोंना तोटा नाही. फोटो चांगला यावा म्हणून उजेड, कपडे, अंतर यांबद्दल सांगण्यासारखे बरेच आहे आणि ते मी पुढे सांगणारच आहे. पण त्याआधी फोटोचा थोडा इतिहास बघू. फोटोत कोण येतो, कोण राहून जातो आणि कोणाचे नाव टिकते, हे प्रश्न कॅमेऱ्याइतकेच जुने आहेत.

नाव नसलेले चेहरे

१८३९ मध्ये पॅरिसला दागेरच्या शोधाची जाहीर घोषणा झाली आणि थोड्याच काळात कॅमेरे कलकत्ता-मुंबईच्या बंदरांत उतरू लागले. १८५४ मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. तिच्या सभासदांत डॉ. भाऊ दाजी लाड होते आणि त्यांचे धाकटे बंधू डॉ. नारायण दाजीही होते. एल्फिन्स्टन संस्थेत फोटोग्राफीचा वर्ग निघाला आणि त्यात शिकलेले हरिश्चंद्र चिंतामण मुंबईचे नावाजलेले छायाचित्रकार झाले. तिकडे लखनौत, १८५७ च्या उठावाच्या आधीच, अहमद अली खान शहरातल्या युरोपीय आणि हिंदी माणसांचे फोटो काढत होते. म्हणजे ही कला आपल्या माणसांच्या हाती फार लवकर आली होती.

राज्यकर्त्यांचा कॅमेरा मात्र वेगळ्या कामाला लागला. १८५८ मध्ये दिल्लीत बहादुरशाह जफर यांचा फोटो काढला गेला. ऐंशी ओलांडलेला, थकलेला बादशहा बिछान्यावर रेललेला आहे आणि कॅमेऱ्याकडे बघतो आहे. मुघल बादशहांची किती तरी सुंदर चित्रे दरबारी चित्रकारांनी काढली. पण छायाचित्र आहे ते शेवटच्या बादशहाचे, आणि तेही कैदेतले. त्याच वर्षी त्यांना रंगूनला पाठवण्यात आले. तो फोटो बघताना माझ्या मनात नेहमी हेच येते की, या माणसाला "काढू का?" असे कोणी विचारले असेल का?

उठावानंतर राज्यकर्त्यांना या देशातल्या माणसांची नोंद हवी होती. जॉन फोर्ब्स वॉटसन आणि जॉन विल्यम के यांनी संपादित केलेले 'द पीपल ऑफ इंडिया' १८६८ ते १८७५ या काळात आठ खंडांत निघाले. त्यात चारशे अडुसष्ट छायाचित्रे आहेत. मुंबईपुरते असेच काम विल्यम जॉन्सनने केले. त्याच्या पुस्तकाचे दोन भाग १८६३ आणि १८६६ मध्ये लंडनला छापले गेले. माणसांचे फोटो तो वेगळे काढी आणि मग ते मुंबईच्या निराळ्या देखाव्यांवर चिकटवी. आज मोबाइलमध्ये मागचे दृश्य बदलता येते, तो खेळ त्याने दीडशे वर्षांपूर्वी कात्रीने केला होता. या ग्रंथांत चेहरे आहेत, पोशाख आहेत, फोटोखाली जातीचे किंवा जमातीचे नाव आहे. बहुतेक ठिकाणी माणसाचे नाव मात्र नाही. आपण ते चाळतो तेव्हा आपल्याला एक मुसलमान दिसतो, एक कोळी दिसतो, एक ब्राह्मण दिसतो. तो कोणाचा मुलगा, कोणाचा बाप, हे कळायला मार्ग नाही. सरकारला त्याची गरज नव्हती. आपल्या घरच्या अल्बमातली "एक बाई" मात्र आपणच तयार केली आहे, हे जास्त लागते.

मक्केचा हकीम

नाव पुसले जाण्याची आणखी एक गोष्ट आहे आणि ती थेट मक्केतली आहे. मक्केची पहिली छायाचित्रे काढण्याचा मान इजिप्तच्या सैन्यातले अधिकारी मुहम्मद सादिक बे यांच्याकडे जातो. १८८० च्या सुमारास त्यांनी ती काढली. त्यानंतर काही वर्षांनी स्नूक हुर्ग्रोन्ये हा डच अभ्यासक मक्केत राहून गेला. १८८५ मध्ये त्याला शहर सोडावे लागले. तिथे त्याची अल-सय्यद अब्द अल-गफ्फार या हकिमांशी ओळख झाली होती. हे हकीम स्वतः फोटो काढत, आणि मक्केच्या रहिवाशांतले ते पहिले छायाचित्रकार मानले जातात. स्नूक गेल्यावरही ते त्याला फोटो पाठवत राहिले. त्यांच्या छायाचित्रांवर त्यांची सुबक अरबी सही असे. १८८९ मध्ये स्नूकने मक्केच्या चित्रांचे जे पुस्तक छापले, त्यात हकिमांची छायाचित्रे आहेत, पण सही काढून टाकलेली आहे. पुढे संशोधकांनी मूळ छायाचित्रे तपासली तेव्हा ही छायाचित्रे कोणाची ते उघड झाले.

ते उघड होऊ शकले, कारण हकिमांनी मुळात सही केली होती. कुठे तरी नाव लिहून ठेवलेले असले की ते पुसल्यावरही शोधता येते. लिहिलेच नसेल, तर शोधणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही.

अक्स, छाया आणि तस्वीर

काही वाचक म्हणतील, आमच्या घरात फोटो फारसे नाहीत, कारण आमचे बुजुर्ग फोटो काढून घेत नसत. हे खरे आहे आणि त्यामागे विचारही आहे. सजीवांची तस्वीर बनवण्याबद्दल हदीसमध्ये कडक ताकीद आलेली आहे. कॅमेरा आला तेव्हा आलिमांपुढे प्रश्न उभा राहिला की, यंत्राने उमटलेली प्रतिमा ही हाताने घडवलेल्या तस्वीरीसारखीच धरायची का? इजिप्तचे मुफ्ती मुहम्मद बखीत अल-मुतीई यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात यावर स्वतंत्र पुस्तिका लिहिली. फोटो म्हणजे सावलीला धरून ठेवणे, त्यात नव्याने काही घडवणे नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. आपल्याकडच्या अनेक आलिमांना हे पटले नाही. त्यांनी फोटो केवळ गरजेपुरता, म्हणजे पासपोर्टसारख्या कामापुरता मान्य केला. दोन्ही मते आजही आहेत आणि दोन्ही मतांची माणसे एकाच घरात असतात.

दोन भाषा शिकवणारीला यात एक गंमत दिसते. उर्दूत फोटोग्राफीला अक्कासी म्हणतात, फोटो काढणाऱ्याला अक्कास. अक्स म्हणजे प्रतिबिंब, आरशात किंवा पाण्यात दिसते ते. चित्रकाराला मुसव्विर म्हणतात आणि अल-मुसव्विर हे तर अल्लाहचे नाव, आकार देणारा. मराठीने शब्द केला छायाचित्र. छाया म्हणजे सावली! कैरोतल्या मुफ्तींनी जो युक्तिवाद केला, तो मराठीच्या साध्या शब्दात आधीच बसलेला आहे. मुलांना हे फळ्यावर लिहून दाखवले की दोन्ही भाषांचे तास एकमेकांत मिसळून जातात.

या "गरजेपुरत्या" परवानगीतून एक वेगळाच ठेवा निर्माण झाला. माझ्या ओळखीच्या कितीतरी घरांत दादीचा किंवा नानीचा फोटो आहे तो एकच, हजच्या कागदपत्रांसाठी काढलेला. मुंबईहून हजची जहाजे १९९५ पर्यंत जात होती. गावाकडच्या बायका पासष्टाव्या-सत्तराव्या वर्षी जिल्ह्याच्या ठिकाणी येऊन आयुष्यात पहिल्यांदा कॅमेऱ्यासमोर बसल्या, त्या हजसाठी. नजर समोर, ओठ मिटलेले, डोक्यावरून घट्ट ओढलेला पदर. त्या गेल्यावर तोच लहानसा फोटो मोठा करून घरात ठेवला गेला. त्यात घर नाही, अंगण नाही, नातवंडे नाहीत. तरी तो फोटो आहे म्हणून त्यांचा चेहरा आहे.

हैदराबादचा जनाना स्टुडिओ

पडद्याचे काय, हा प्रश्न एकोणिसाव्या शतकातल्या छायाचित्रकारांनाही पडला होता, आणि त्याचे एक चांगले उत्तर हैदराबादेत सापडते. राजा दीनदयाळ मूळचे सरधन्याचे. रुडकीला शिकले, इंदूरला नोकरीला लागले आणि पुढे सहावे निजाम मीर महबूब अली खान यांचे दरबारी छायाचित्रकार झाले. निजामाने त्यांना 'मुसव्विर जंग' हा किताब दिला. मराठवाडा तेव्हा निजामाच्याच राज्यात होता आणि १८९६ मध्ये दीनदयाळांचा स्टुडिओ मुंबईतही निघाला, म्हणून आपल्याला हे नाव परके वाटू नये.

१८९२ मध्ये दीनदयाळांनी हैदराबादेत फक्त बायकांसाठी जनाना स्टुडिओ सुरू केला. त्याची जबाबदारी श्रीमती केनी-लेव्हिक या इंग्रज बाईंकडे होती. आत कोणाची नजर जाऊ नये म्हणून भोवती उंच भिंती होत्या. खानदानी घरांतल्या बायका तिथे येत, बाईच्या हातून फोटो काढून घेत.

या स्टुडिओचा मला आदर वाटतो तो दोन कारणांसाठी. एक, बायकांचा फोटो राहून जाऊ नये यासाठी कोणी तरी वेगळी सोय केली. दुसरे, तो फोटो कोण काढणार आणि कोण बघणार, याचा विचार आधी झाला. आज हा दुसरा मुद्दा आपण विसरत चाललो आहोत. फोटो काढणे आणि फोटो पसरवणे ही दोन वेगळी कामे आहेत. खालाजान फोटोला "नको" म्हणते तेव्हा पुष्कळदा तिला फोटो नको नसतो. संध्याकाळी तो सतरा जणांच्या स्टेटसवर दिसायला नको असतो. तिला शब्द द्या की हा फोटो घराबाहेर जाणार नाही, आणि तो शब्द पाळा. मग बघा, ती कशी येऊन बसते. आणि शब्द देऊनही ती नाहीच म्हणाली, तर तो विषय तिथेच संपवावा. कैदेतल्या बादशहाला नकार देता येत नव्हता, आपल्या खालाला देता आला पाहिजे.

रोलमधले बारा फोटो

जुन्या फोटोत माणसे इतकी गंभीर का, असे मुले हमखास विचारतात. सुरुवातीच्या काळात फोटोला बराच वेळ लागत असे. १८५१ नंतर ओल्या काचेची पद्धत आली, तरी काही सेकंद स्तब्ध बसावे लागे. हलू नये म्हणून मानेमागे लोखंडी टेकू लावत. तेवढा वेळ हसू चेहऱ्यावर ठेवणे कठीणच. शिवाय तेव्हाच्या काचांना निळा रंग चटकन टिपता येई, लाल जवळजवळ टिपताच येत नसे. म्हणून लाल शालू नेसलेली नवरी फोटोत काळ्या कपड्यांत दिसते आणि सावळ्या रंगाची माणसे होती त्यापेक्षा काळी दिसतात. आपल्या पणजीच्या रंगाबद्दल फोटोवरून मत बनवण्याआधी हे लक्षात घ्यायला हवे.

१८८८ मध्ये कोडॅकचा कॅमेरा आला. त्यात शंभर फोटोंची फिल्म भरलेली असे आणि ती संपली की अख्खा कॅमेराच कारखान्यात पाठवायचा. १९०० मध्ये एक डॉलरचा ब्राउनी आला आणि तिकडे सामान्य घरांत कॅमेरा शिरला. आपल्याकडच्या मध्यमवर्गीय घरांत तो शिरला तो बराच उशिरा, बडोद्यात तयार होणाऱ्या अॅग्फा क्लिक थ्रीच्या रूपाने. एका रोलमध्ये बारा चौकोनी फोटो निघत. बारा म्हणजे बाराच. त्यामुळे ईदच्या आदल्या रात्री ठरे की एक दादाजानचा, एक सगळ्या मुलांचा, दोन पाहुण्यांसोबत. फोटो वाया जाऊ नये म्हणून सगळे श्वास धरून उभे राहत. कॅमेरा असे तो मामांच्या किंवा अब्बांच्या हातात, ते दारात उभे असत, आणि दारापासून स्वयंपाकघर लांब होते. अम्मी फोटोत नसण्याचे कारण बरेचसे इतके साधे आहे. कोणी तिला मुद्दाम वगळले नव्हते. बारा फोटो संपेपर्यंत तिचे काम संपलेले नसे, एवढेच.

कोकणातल्या घरांत उलट घडले. सत्तर-ऐंशीच्या दशकात रत्नागिरी-रायगडकडचे अनेक पुरुष आखाती देशांत नोकरीला गेले. तिथल्या घरांच्या ईदच्या फोटोंत अम्मी आहे, मुले आहेत आणि अब्बा नाहीत. ते फोटो अब्बांसाठीच काढले जात. स्टुडिओत जाऊन, नवे कपडे घालून, मग पत्राच्या पाकिटातून कुवेतला किंवा जेद्दाहला रवाना. काही घरांत तिकडून आलेला अब्बांचा फोटो इथल्या फोटोला जोडून स्टुडिओवाल्याकडून एकत्र चित्र करून घेतलेले असे. जॉन्सनची कात्री इथेही चालली, पण इथे ती तुटलेले कुटुंब जोडत होती. अशा चित्रात अब्बांवर एका बाजूने उजेड असतो आणि बाकीच्यांवर दुसऱ्या बाजूने. बघणाऱ्याला ते लगेच कळते. घरातल्यांना त्याचे काहीच वाटत नसे.

फातिमा शेख यांचे छायाचित्र

आता या सगळ्यांत मला सर्वांत जवळचा वाटणारा फोटो. तो पुण्याचा आहे आणि मराठी मुसलमानांनी तो जपायला हवा. एका समूहछायाचित्रात सावित्रीबाई फुले यांच्यासोबत फातिमा शेख आहेत. फातिमाबी सावित्रीबाईंच्या शैक्षणिक कामातल्या सहकारी. त्यांच्याबद्दलची कागदपत्रे फार थोडी आहेत. सावित्रीबाईंनी नायगावहून जोतीरावांना लिहिलेल्या १० ऑक्टोबर १८५६ च्या पत्रात त्यांचा उल्लेख आहे. आपल्या आजारपणात सगळा भार फातिमावर पडला असेल, पण ती तक्रार करायची नाही, अशा अर्थाचा तो आपुलकीचा उल्लेख आहे. आणि हे एक छायाचित्र. डॉ. मा. गो. माळी यांनी सावित्रीबाईंचे समग्र वाङ्मय संपादित केले, ते १९८८ मध्ये प्रसिद्ध झाले. त्या कामातून ही माहिती मराठी वाचकांपर्यंत नीट पोचली.

जानेवारी २०२५ मध्ये समाजमाध्यमांवर एकाएकी दावा झाला की फातिमा शेख नावाची बाई झालीच नाही, ते पात्र कल्पनेतून उभे केले आहे. मग लोकांना ते पत्र आणि ते छायाचित्र पुन्हा पुढे आणावे लागले. एक नाव आणि एक फोटो, एवढ्यावर एका बाईचे इतिहासातले असणे टिकून राहिले. पत्रात ते नाव आले नसते आणि छायाचित्रासोबत कोणी ते सांगितले नसते, तर त्या फोटोत सावित्रीबाई असत्या आणि त्यांच्या शेजारी एक बाई असती.

या ईदला

आता सांगितल्याप्रमाणे कामाचे बोलू. मी काही फोटोग्राफर नाही, पण शाळेच्या स्नेहसंमेलनांत आणि घरच्या ईदांत जे अनुभवले ते लिहिते.

उजेड आधी बघा. जुन्या स्टुडिओंत उत्तरेकडून येणारा, थेट ऊन नसलेला उजेड वापरत, त्यासाठी काचेचे छत किंवा मोठी खिडकी असे. आपल्या घरात तोच उजेड ओट्यावर, व्हरांड्यात किंवा खिडकीपाशी मिळतो. ईदची नमाज सकाळी लवकर होते, तेव्हाचे कोवळे ऊन चांगले. दुपारच्या उन्हात डोळ्यांखाली काळ्या सावल्या पडतात आणि सगळे डोळे बारीक करतात. माणसांना खिडकीकडे तोंड करून बसवा. खिडकी त्यांच्या पाठीमागे आली तर चेहरे काळे येतील.

ईदची एक खास अडचण म्हणजे पांढरे कपडे. दहा जण पांढऱ्या कुर्त्यात उभे राहिले की कॅमेऱ्याला वाटते उजेड फार आहे, आणि तो सगळेच काळपट करून टाकतो. अशा वेळी मोबाइलच्या पडद्यावर एखाद्या चेहऱ्यावर बोट टेकवा. उजेड त्या चेहऱ्याच्या हिशेबाने जुळतो. कुर्ते फारच पांढरेफटक दिसायला लागले तर बोटाने उजेड किंचित कमी करा.

फार जवळून मोठा घोळका टिपू नका. मोबाइलची साधी भिंग रुंद बघते, त्यामुळे कडेला उभ्या असलेल्या माणसांचे चेहरे ताणल्यासारखे दिसतात, आणि कडेला बहुधा घरातल्या सुनाच उभ्या असतात. चार पावले मागे जा, हवे तर थोडे झूम करा. बुजुर्गांना खुर्च्यांवर मध्ये बसवा, मुलांना पुढे जमिनीवर. लहान मुलांचा वेगळा फोटो काढताना स्वतः खाली बसा. एकापाठोपाठ पाच-सहा फोटो घ्या, कारण कोणाची तरी पापणी मिटतेच. आता फोटो बाराच नाहीत!

फोटो काढणाराही फोटोत आला पाहिजे. मोबाइल पुस्तकांच्या चळतीला टेकवा, दहा सेकंदांचा टायमर लावा आणि पळत जाऊन उभे राहा. त्या धावपळीत सगळे खरे हसतात, ते वेगळेच.

सगळ्यांत महत्त्वाचे, घरचा मोठा फोटो कधी काढायचा ते ठरवताना स्वयंपाकघराला विचारा. नमाजहून परतलेल्यांना घाई असते, पण अम्मीला कपडे बदलायला दहा मिनिटे लागतील. ती दहा मिनिटे तिला द्यायला हवीत. मी स्वतः ईदच्या सकाळी चुलीपाशी असते, म्हणून हे माहितीने सांगते. आणि तिची हरकत नसेल तर तिच्या कामाचाही एक फोटो घ्या. शेवया भाजताना, सुका मेवा कापताना, वाट्या मांडताना. नातवंडांना पुढे दारात रांगेत उभ्या राहिलेल्या माणसांपेक्षा तो फोटो जास्त काही सांगेल.

नंतर निवडक चार-पाच फोटो छापून घ्या. मोबाइल हरवतो, बिघडतो. व्हॉट्सअॅपवरून पाठवलेल्या फोटोचा दर्जा कमी होतो, म्हणून छापण्यासाठी मूळ फोटोच द्या. छापलेल्या फोटोसोबत नावे लिहा: डावीकडून उजवीकडे, पूर्ण नाव, नाते, गाव, तारीख, इस्लामी महिना लिहिलात तर उत्तमच. बायकांची नावे "अमक्याची बायको" अशी लिहू नका. तिचे स्वतःचे नाव लिहा, माहेरचे गावही लिहा. जुन्या कागदी फोटोच्या मागे मऊ पेन्सिलने, हलक्या हाताने लिहावे. बॉलपेनचा वळ पुढे उमटतो. नव्या चकचकीत कागदावर पेन्सिल चालत नाही, मग पाकिटावर लिहा. चिकट पानांच्या अल्बममध्ये अडकलेले जुने फोटो ओढून काढू नका. खिडकीच्या उजेडात, फ्लॅश न लावता, वरूनच त्यांचा मोबाइलने फोटो घ्या.

ईदच्या दुपारी जेवणे झाली की घरातले सगळे सुस्तावतात. तो वेळ चांगला असतो. जुना अल्बम घेऊन दादीपाशी, नानीपाशी, फूफीपाशी बसा. एकेका चेहऱ्यावर बोट ठेवून विचारा, हे कोण? मोबाइलवर त्यांचा आवाज रेकॉर्ड करा, शेजारी कोणी वहीत लिहून घ्या. त्या एखाद्या चेहऱ्यापाशी थांबतील, नाव आठवायला वेळ लागेल, मध्येच दुसरीच हकीकत सुरू होईल. होऊ द्या. ही नावे घरात आता फक्त त्यांनाच माहीत आहेत आणि पुढच्या ईदला विचारू म्हणून हे काम ठेवण्यासारखे नाही.